बांध नसलेली मूत्रपिंडे

यवतमाळ जिल्ह्यातील भूमि-अभिलेखांच्या कचेरीत मोजणीची दप्तरे सांभाळण्यातच माझी हयात गेली. त्यामुळे सेवानिवृत्तीनंतर कमरेतून जांघेकडे उतरणाऱ्या असह्य कळेच्या निमित्ताने यवतमाळास सोनोग्राफी व पाठोपाठ सीटी स्कॅन होऊन माझ्या दोन्ही मूत्रपिंडांची खालची टोके जन्मतःच एकमेकांस जोडलेली असल्याचे निष्पन्न झाले, तेव्हा शेजारच्या दोन गटांतला बांध मूळ मोजणीतच पडायचा राहून गेला आणि त्याची वर्दी खातेदारास उतारवयात मिळाली, असेच मला वाटले.

चारपाचशे माणसांत एखाद्याच्या ठायी आढळणारी ही नालाकार रचना पुष्कळांना आयुष्यभर कळतही नाही. गर्भावस्थेत मूत्रपिंडे ओटीपोटातून वर सरकत असता त्यांना जोडणारा मांसल सेतू मोठ्या आतड्याच्या खालच्या रोहिणीपाशी अडतो; परिणामी ती नेहमीच्या जागेपेक्षा खाली राहतात, त्यांची मुखे पुढे वळतात, मूत्रवाहिनीला त्या सेतूवरून वळसा घेऊन उतरावे लागते, आणि जेथे मूत्र तुंबते तेथे खडा धरतो. त्यात आमच्याकडचा वैशाख; घामावाटे पाणी गेले की उरलेले मूत्र दाट होणारच.

माझ्याही मूत्रपिंडात धरलेला खडा बाहेरून ध्वनिलहरींनी फोडण्याचा पर्याय नागपूरच्या शल्यविशारदांनी बाजूस ठेवला, कारण खडा फुटला तरी त्याचा चुरा वाहून जाण्यास वाट धड नव्हती. पाठीतून सूक्ष्म छिद्र पाडून दुर्बिणीने खडा काढण्याची जी रीत १९७६ साली स्वीडनमध्ये फर्नस्ट्रम व योहान्सन यांनी प्रसिद्ध केली, तीच त्यांनी योजिली; परंतु अशा मूत्रपिंडामागे आतडे सरकलेले असण्याचा संभव असल्याने स्कॅनची चित्रे त्यांनी बारकाईने तपासली. मूत्रपिंड खाली असल्यामुळे त्याच्या वरच्या कप्प्यात बरगड्यांच्या खालूनच शिरता येते व फुप्फुसाच्या आवरणास सहसा धक्का लागत नाही, हे ऐकून व्यंगातही काही सोय असते याचे मला नवल वाटले.

“मग हातासरशी तो सेतूही कापून हद्द कायम करून टाका ना,” मी म्हणालो.

“नाही काका,” ते हसून म्हणाले, “पूर्वी कापीत असत. पण त्यात रक्तवाहिन्या असतात, बहुधा काम करणारा मूत्रपिंडाचा भागही असतो. आणि तो कापला म्हणून मूत्राची वाट सुधारेलच असे नाही.”

आयुष्यभर हद्दींचे तंटे पाहिलेल्या मला हा निवाडा मनोमन पटला.

मला पालथे निजवून, पूर्ण भूल देऊन शस्त्रक्रिया झाली. ताठ दुर्बीण न पोहोचणाऱ्या आतल्या खालच्या कप्प्यातील तुकडा लवचीक दुर्बिणीतून लेसरने फोडावा लागला. पाठीतल्या नळीतून आधी लालसर व मग निवळ मूत्र येऊ लागल्यावर नळी निघाली. सेतू जागच्या जागी, मूत्रवाहिनीचा वळसाही तसाच. म्हणून दिवसाला दोन लिटरांहून अधिक मूत्र होईल इतके पाणी पिण्याची व दरवर्षी सोनोग्राफीची ताकीद मला मिळाली आहे, आणि पाण्याची नोंद सौभाग्यवती दप्तरी शिस्तीने ठेवीत आहेत.