जाड शेवळं

गुडघे धरल्यापासून तुंगारेश्वरच्या चढावर मी मागे राहते आणि नात पुढे जाते. रोहिणीचे दोन पाऊस झाले की चिंचोटीच्या कुठल्या उतारावर शेवळं बघायची, हे तिला माझ्यामागे फिरून पाठ झालंय. ती अडते एकाच ठिकाणी. विचारते, "आजी, न खुडता ठेवायची किती?" मला तिला आकडा सांगता येत नाही.

पाड्यातल्या बायका म्हणतात, कांद्याला हात लावला नाही की शेवळ संपत नाही. ते खरं आहे, पण अर्धं. खुडल्यावरही कांदा जमिनीत राहतो, पाऊस वाढला की त्यातून पान येतं, आणि ते पान पुढच्या वर्षाचा नवा कांदा भरतं. पण शेवळ म्हणजे फूल. निवडताना आतला जो पिवळा भाग खाजतो म्हणून आपण काढून टाकतो, बी तिथेच धरायचं असतं. त्यासाठी फूल उमलावं लागतं, त्याच्या घाण वासावर किडे यावे लागतात. उमललेलं शेवळ मात्र बाजारात कुणी घेत नाही. म्हणजे विकलेलं प्रत्येक शेवळ बी धरण्याआधीच खुडलेलं असतं. जुने कांदे वर्षानुवर्षं फुलत राहतात आणि टोपली भरत राहते. नवी रोपं उगवत नाहीत, हे टोपलीत दिसत नाही.

ते आषाढात दिसतं, शेवळं संपल्यावर तिकडे कुणी फिरकत नाही तेव्हा. मोठ्या पानांच्या आसपास बोटाएवढी लहान पानं आहेत का, ते बघायचं. आता नातीला मी तेवढ्यासाठी पुन्हा वर नेते. ज्या उतारावर लहान पानं नाहीत, तिथलं पुढच्या वर्षी काही खुडायचं नाही. पण आपण सोडलेलं शेवळ मागून येणारी नेते. तिला बोल कसा लावायचा? तिलाही घर चालवायचंय.

खणून नेणाऱ्यांना मात्र मी बोल लावते. कोळीच्या भाजीची कोवळी पानं आम्ही आधी देवाला दाखवतो, मग घरात शिजवतो. तिच्याच जातीतली सफेद मुसळी. फादर सांतापाव आणि फर्नांडिस यांनी 1955 मध्ये तिला शास्त्रातलं नाव दिलं ते बोरिवलीवरून, खाडीपलीकडच्या आपल्या शेजारच्या जंगलावरून. औषधाच्या व्यापारापायी ती मुळासकट उपटली जाते. करटोलीचा नर वेल फळ देत नाही म्हणून वांझ समजून तोडणारेही आहेत. तो गेला की मादी वेलींना फळ कुठून धरणार? धबधब्यावरच्या गर्दीचा मला तितका राग नाही. पायाखाली चेंगरलेला कोंब गेला तरी कांदा खाली असतो. कामणच्या बाजूला जिथे गाळे उभे राहिले, तिथे कांदाही उरला नाही.

तुंगारेश्वर 2003 मध्ये अभयारण्य झालं. 2006 च्या वनहक्क कायद्याने आदिवासींचा गौण वनोपजावरचा हक्क मानला, आणि हक्क असणाऱ्यांना जंगल राखण्याचा अधिकारही दिला. आमच्यात हक्काबद्दल पुष्कळ बोललं जातं, राखण्याबद्दल कमी. म्हणून यंदा मी बायकांना म्हटलं, उतार वाटून घेऊ, दरवर्षी एक मोकळा ठेवू. काही जणी तयार झाल्या. बाकीच्यांनी विचारलं, पोरांच्या वह्या-पुस्तकांचा खर्च जूनमध्येच येतो, तो कशातून भागवायचा? प्रश्न रास्त आहे. मोकळ्या उताराचे पैसे कुणी देत नाही.

आता माझ्या गर्वाचं. वसईच्या बाजारात माझी जुडी ओळखतात. एकसारखी, जाड, घट्ट मिटलेली शेवळं आणि सोबत मूठभर काकडाची फळं. सीकेपी घरांतल्या बायका दुसरीकडे न घेता माझ्यासाठी थांबतात, आणि ते मला अजून फार आवडतं. पण जाड शेवळ येतं ते भरलेल्या कांद्याचं. लहान कांदा नुसतं पान देतो. म्हणजे बी धरायला जे सगळ्यांत लायक, तेच माझ्या जुडीत शोभून दिसतं. नातीला मी सांगते, जाडातलं जाड सोड. ती सोडते. माझा हात मात्र आधी तिकडेच जातो, आणि बारीक शेवळांची जुडी बांधताना मला कमीपणा वाटतो.

किती ठेवायची, यावर मी फार विचार केला. आता वाटतं, कोणती ठेवायची हे आधी ठरायला हवं, आणि ते एकट्या खुडणारीला ठरवता येणार नाही. घेणारीनेही जाडीचा हट्ट सोडला पाहिजे. बारीक शेवळांचा वाटा त्याच भावात घ्या. निवडायला वेळ जास्त लागेल, पण चवीत फरक नाही. जाड शेवळाला जास्त भाव मिळेनासा झाला, तर मागून येणारीही ते उमलू देईल. यंदा बारीक शेवळांची जुडी मी माझ्या पाटीत सगळ्यांत वर मांडणार आहे.