सातपुड्याकडची बाजू

अकोटातल्या मोकळ्या मैदानावर उभं राहून उत्तरेकडे तोंड केलं की सातपुडा दिसतो. पावसाळा सरताना हवा धुतल्यासारखी होते, तेव्हा तर तो इतका जवळ येतो की सायकल काढावी अन् दिवे लागायच्या आत परत यावं असं वाटतं. उन्हाळ्यात धुरळ्यात हरवतो. एखाद्या रात्री डोंगरात वणवा लागला, तर अंधारात नुसती तांबडी वाकडी रेघ दिसते. त्याच रांगेत अठरा-वीस किलोमीटरवर नरनाळा किल्ला आहे. लहानपणी आम्ही ज्या मैदानावर खेळलो, तिथे गोलंदाज उत्तरेकडून धावत यायचा. बॅट घेऊन उभं राहिलं की समोर गोलंदाज, त्याच्यामागे कपाशीची वावरं आणि त्यामागे डोंगर. पुढे शाळेत मास्तर झालो, पोरांचे सामने पाहिले, तरी डोळ्यांपुढचं चित्र तेच राहिलं.

मागच्या उन्हाळ्यात लेकीकडे पिट्सबर्गला गेलो होतो. अमेरिकेतलं हे पोलादाचं जुनं गाव. ॲलेगेनी आणि मोनोंगाहेला या दोन नद्या गावातच मिळतात आणि तिथून ओहायो नदी सुरू होते. संगमाचं गाव म्हटल्यावर मला ते आपलंसं वाटलं. एका संध्याकाळी लेक म्हणाली, "बाबा, आज बेसबॉलची मॅच पाहाले जाऊ."

मी म्हटलं, "मले त्यातलं काय समजते?"

"समजलं नाई तं नाई. तुम्ही चला तं खरं."

गाडी नदीच्या अलीकडे ठेवली आणि पुलावरून पायी निघालो. पूल पिवळाधमक. सामन्याच्या दिवशी तो वाहनांना बंद असतो. सगळा पूलभर माणसं, खांद्यावर लेकरं, काळ्या-पिवळ्या टोप्या. आपल्याकडे यात्रेला गर्दी एकाच दिशेने सरकते, अगदी तशी. पुलाला रॉबर्टो क्लेमेंटे या खेळाडूचं नाव आहे. प्वेर्तो रिकोचा हा माणूस अठरा हंगाम पिट्सबर्गच्या पायरेट्स संघाकडून खेळला. 1972 च्या 31 डिसेंबरला निकाराग्वातल्या भूकंपग्रस्तांसाठी मदत घेऊन निघाला आणि विमान समुद्रात कोसळून गेला. त्याच्या पाठीवरचा आकडा 21 होता, म्हणून मैदानाच्या उजव्या बाजूची भिंत 21 फूट उंच ठेवली आहे. लेकीने हे चालता चालता सांगितलं. जिथे जातोय तिथल्या माणसाची ओळख आधी व्हावी, हे मला फार आवडलं.

आत गेलो, पायऱ्या चढलो, जागेवर बसलो, आणि मैदानाकडे पाहायचं सोडून मी समोरच पाहत राहिलो. मैदानाची नदीकडची बाजू ठेंगणी ठेवली आहे. भिंतीपलीकडे नदी, नदीवर आपण आत्ताच ओलांडलेला पिवळा पूल, आणि पलीकडच्या काठावर उंच इमारतींची अख्खी रांग. सूर्य आमच्या पाठीशी मावळत होता आणि त्याचं सोनेरी ऊन त्या काचांवर चढत होतं. फलंदाजाच्या जागेपासून नदी साधारण 443 फुटांवर आहे. पाण्यात थेट चेंडू टाकणारा फटका फार क्वचित बसतो. 2002 मध्ये डॅरिल वॉर्डने तो पहिल्यांदा मारला.

खेळ मला अर्धाच कळला. पण लेकीने सांगितलेली एक गोष्ट मात्र मी इकडे आल्यावर बऱ्याच जणांना सांगितली. 2008 मध्ये भारतात चेंडू फेकण्याची एक मोठी स्पर्धा झाली. त्यातून उत्तर प्रदेशातली रिंकू सिंग आणि दिनेश पटेल ही भालाफेक करणारी दोन पोरं निवडली गेली, आणि त्यांना करार देणारा संघ हाच, पायरेट्स.

मध्यंतरी मी विचारलं, "हे मैदान पयलेपासून असंच उघडं आहे काय?"

नाही, म्हणाली. आधीचं स्टेडियम जवळच होतं, 1970 साली बांधलेलं. तीन नद्यांच्या नावाचं, पण गोल भांड्यासारखं चहूबाजूंनी बंद. त्याच मैदानावर बेसबॉलही व्हायचा आणि त्यांचा फुटबॉलही. आत बसलेल्याला आपण नदीकाठी आहोत याचा पत्ता लागत नसे. 2001 च्या फेब्रुवारीत ते सुरुंग लावून पाडलं आणि त्याच वर्षी हे पीएनसी पार्क उघडलं. एका गावाने तीस वर्षं पाठ फिरवलेल्या नदीकडे पुन्हा तोंड केलं.

हे ऐकल्यावर माझं खेळातलं लक्ष उडालं.

आमच्या त्या जुन्या मैदानाला गॅलरी बांधायची ठरली, तेव्हाच्या बैठकीला मी हजर होतो. रस्ता उत्तरेला आहे, म्हणून गॅलरी उत्तरेला. तिच्या खाली रस्त्याकडे तोंड करून दुकानं. भाड्यातून मैदानाचा खर्च निघेल, हे सांगणाऱ्यांचं चुकलं नव्हतं. पैसा लागतोच, आणि पोरांना जाळी, रोलर, पाण्याची सोय हवीच होती. मीही हात वर केला. डोंगराचा विचार त्या खोलीत कोणाच्याच मनात आला नाही, माझ्याही नाही. सातपुडा काय, तो आहेच, असं आम्ही धरून चाललो. आज तिथे खेळणाऱ्या पोराला समोर सिमेंट दिसतं, आणि गॅलरीत बसलेल्याच्या पाठीमागे डोंगर असतो.

एकदा सामना पाहायला नागपूरजवळच्या जामठ्यालाही गेलो होतो. 2008 चं भव्य स्टेडियम, सोयी उत्तम. ते गावाबाहेर वर्धा रोडला आहे. तिथे नागपूर दिसलं नाही, याचं तेव्हा काहीच वाटलं नव्हतं. पिट्सबर्गहून आल्यावर वाटलं.

मैदानावर आपण नुसता खेळ पाहायला जात नाही. दोन-तीन तास एका जागी बसून आपल्याच गावाकडे पाहायला मिळतं. एरवी तेवढी सवड कोणाला असते? क्लेमेंटे कोण होता हे तिथल्या लेकराला पुलावर चालता चालता कळतं. आमच्या पोरांना नरनाळ्याचं 1487 सालचं महाकाली द्वार पुस्तकात वाचावं लागतं, आणि तो किल्ला कोणत्या बाजूला आहे हे विचारलं तर त्यातली निम्मी दक्षिणेकडे बोट करतात. वर्गात मी हे पाहिलं आहे.

परत आल्यावर मी त्या गॅलरीवर चढलो, अगदी वरच्या पायरीवर, आणि उलटा वळून उभा राहिलो. डोंगर होता. कार्तिकातली हवा होती, कड स्वच्छ दिसत होती. खाली टेनिस बॉलचा सामना चालला होता.

अकोट, तेल्हारा, अचलपूर, सातपुड्याच्या पायथ्याच्या आपल्या गावांमधली बरीच मैदानं अजून उत्तरेकडून उघडी आहेत. त्यांच्या समितीवर जे कोणी असाल, त्यांना हात जोडून एवढंच सांगणं आहे: गॅलरी दक्षिणेला बांधा. हिवाळ्यातल्या सामन्यांना ऊन पाठीवर येईल, डोळ्यांत जाणार नाही, आणि बसणाऱ्याचं तोंड सातपुड्याकडे होईल. दुकानं कोणत्याही बाजूला चालतात.