वेस्टमिन्स्टरहून, विंचेस्टरहून

लंडन

ती. बाबांना सा. न.

आज वेस्टमिन्स्टर हॉल पाहिला. बांधकाम १०९७चं, वर ओकचं अवाढव्य छप्पर, मध्ये एकही खांब नाही. एके काळी इथेच लाकडी आडोसे घालून कोर्टं भरायची. राजद्रोहाचे मोठे खटलेही इथलेच. १३०५मध्ये स्कॉटलंडच्या विल्यम वॉलेसने ठणकावलं, की ज्या राजाला मी निष्ठा वाहिलीच नाही त्याचा द्रोह कसा होईल? त्याच दिवशी त्याला मारलं. १५३५मध्ये सर टॉमस मोरला दोषी ठरवायला ज्यूरीला पाव तास पुरला म्हणतात.

पायऱ्यांवर पितळी पाटी आहे: पहिला चार्ल्स इथे उभा होता. १६४९चा जानेवारी. आरोपी खुद्द राजा! सुनावणीच्या वेळी त्याच्या काठीची चांदीची मूठ गळून पडली. कुणीतरी उचलून देईल म्हणून तो थांबला. कुणी हललं नाही, तेव्हा स्वतःच वाकला. हे न्यायालयच मानत नाही, असं तो अखेरपर्यंत म्हणत राहिला. मृत्युदंडाच्या हुकुमावर ५९ सह्या झाल्या. मला त्याच्याविषयी फारशी माया नाही, पण त्याचा तो नकार अजून डोक्यातून जात नाही.

विंचेस्टर

ती. बाबांना सा. न.

इथला ग्रेट हॉल तेराव्या शतकातला. भिंतीवर राजा आर्थरचं म्हणून प्रचंड गोल टेबल टांगलंय, सगळे फोटो त्याचेच काढतात. मी मात्र सर वॉल्टर रॅलेसाठी आलो. १६०३मध्ये लंडनला प्लेग होता, म्हणून त्याचा राजद्रोहाचा खटला इथे आणला.

बाबा, तुमची सगळी हयात उलटतपासणीत गेली, म्हणून हे तुम्हालाच लिहावंसं वाटलं. मुख्य पुरावा काय, तर सहआरोपी लॉर्ड कोबमचा लेखी जबाब. तो जिवंत होता, कैदेतच होता. ‘त्याला माझ्यासमोर आणा’, एवढंच रॅले मागत होता. आणलं नाही. वकील द्यायची तर सोयच नव्हती. राजद्रोहाच्या आरोपीला तो हक्क कायद्याने मिळाला १६९६मध्ये. सरकारी बाजूने एडवर्ड कोक त्याला तोंडावर शिव्या घालत होता, आणि हा एकटा, शांतपणे मुद्देसूद उत्तरं देत होता. मला इथे राग आवरेना. शिक्षा तेव्हा टळली, पण १६१८मध्ये याच जुन्या निकालावर त्याचं डोकं उडवलं.

पुढे टाँटनला जातोय. १६८५च्या बंडानंतर न्यायाधीश जेफ्रीजने तिथे कोर्ट भरवलं होतं.