साठवणीची विद्या

आपल्या जुन्या घरांत साठवणीला मोठा मान असे. सुगीचे धान्य कणगीत आणि पेवात जाई. कडक उन्हात पापड-कुरडया वाळत. वैशाखातील कैऱ्या बरणीत शिरत आणि पुढे वर्षभर पानाच्या डाव्या बाजूला आपली हजेरी लावीत. एका ऋतूत जे उदंड मिळते ते दुसऱ्या ऋतूला पुरवायचे, हे गृहिणीचे शास्त्र होते. त्या शास्त्राला कोणी पदवी दिली नाही, परंतु त्याच्यावरच घरे चालली.

वीज मात्र या शास्त्राला सहजासहजी वश झाली नाही. कोयनेला जनित्र फिरते त्याच क्षणी कोठेतरी दिवा लागतो. मागणी नसेल तर जनित्र मंद करावे लागते. विजेची कणगी नाही आणि विजेचे पेवही नाही. ही उणीव केवळ शास्त्रज्ञांना छळते असे नाही. तिची झळ कोठवर पोचते, हे मी जुन्नर तालुक्यातील शाळेत शिकवीत असताना पाहिले आहे.

तेथे शेतीपंपाची वीज पाळीपाळीने येई आणि ती पाळी कित्येकदा मध्यरात्रीची असे. वीज आली की शेतकरी अंथरूण सोडून उसाला दारे धरायला निघे. त्या भागात उसाच्या फडात बिबट्याचा वावर. पायाखाली सापकिरडूही असायचे. माझ्या वर्गातला एक मुलगा आठवड्यातून दोन-तीन दिवस पहिल्याच तासाला पेंगत असे. एकदा कारण विचारले, तेव्हा तो सहजपणे म्हणाला, "गुरुजी, रात्री पाळी होती. बाप पाणी देतो अन् मी बॅटरी धरतो." खेड्यात बॅटरी म्हणजे हातातला विजेरी दिवा. बिबट्या उजेडाला बुजतो, या भरवशावर ते दहा-अकरा वर्षांचे पोर काळोखात उभे राहत होते. त्याला मी काय उपदेश करणार? त्याला तास दोन तास झोपू दिले.

2017 मध्ये राज्यात मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना सुरू झाली. सूर्यापासून मिळालेली वीज शेतीला दिवसाच द्यावी, हा तिचा उद्देश. जेथे ती पोचते तेथे दारे दिवसाउजेडी धरता येतात. पण सूर्य मावळला की सौर वीजही मावळते, आणि घरातला दिवा, मुलांचा अभ्यास, दवाखान्यातली यंत्रे यांची गरज तर तेव्हाच वाढते. भर दुपारचे ऊन रात्रीला पुरवायचे असेल, तर विजेची बरणी पाहिजेच.

अशी एक बरणी सह्याद्रीने आपल्याला फार पूर्वीच दाखविली आहे. उंचावर अडविलेले पाणी ही साठवलेली शक्तीच होय. मुळशीच्या धरणातले पाणी घाट उतरून भिऱ्याला वीज निर्माण करते. घाटघर येथे तर 2008 पासून याच्याही पुढची युक्ती चालते. विजेची मागणी कमी असते तेव्हा खालच्या जलाशयातले पाणी वर चढवायचे आणि मागणी वाढली की तेच पाणी खाली सोडायचे. या केंद्राची क्षमता 250 मेगावॉट आहे. परंतु मुळशीचे नाव घेताना आणखी एक गोष्ट स्मरते. 1921 साली सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली तेथल्या मावळ्यांनी आपल्या बुडणाऱ्या शेतांसाठी सत्याग्रह केला होता. साठवण कोणाच्या तरी जमिनीवर उभी राहते. ज्या बरणीसाठी कोणाचे घर बुडणार नाही, ती शोधणे म्हणून अधिक अगत्याचे.

रसायनशास्त्र अशी बरणी देऊ शकते. 1800 साली इटलीच्या व्होल्टाने पहिला विद्युत्‌घट रचला. 1859 मध्ये फ्रान्सच्या प्लान्टेने शिशाचा घट बनविला. तो रिता झाला की पुन्हा भरता येई. 1991 मध्ये लिथियमचा घट बाजारात आला. त्यामागच्या संशोधनासाठी गुडइनफ, व्हिटिंगहॅम आणि योशिनो या तिघांना 2019 चे नोबेल पारितोषिक मिळाले. गुडइनफ यांचे वय तेव्हा 97 वर्षांचे होते!

लिथियम हलके आणि गुणी खरे, पण आपल्याला ते मुख्यतः परदेशांतून आणावे लागते. त्याचाच थोरला भाऊ सोडियम मात्र आपल्या दाराशी आहे. मिठापासून सोडा होतो आणि सोड्यापासून घटाला लागणारी द्रव्ये करता येतात. ज्या मिठासाठी 1930 मध्ये शिरोड्याच्या आगरात सत्याग्रहींनी लाठ्या खाल्ल्या, ते मीठ आज पुन्हा स्वावलंबनाची वाट दाखवू पाहत आहे.

या घटाचे काम वारीसारखे चालते. घट भरताना सोडियमचे विद्युत्‌भारित कण, म्हणजे आयन, एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला जातात. वापरताना तसेच परत येतात. अडचण एवढीच, की सोडियमचा कण लिथियमपेक्षा मोठा. ग्रॅफाइटचे थर कोऱ्या वहीच्या पानांसारखे एकमेकांना चिकटलेले. त्यांत त्याचा शिरकाव होत नाही. म्हणून हार्ड कार्बन वापरतात. त्याचे थर चुरगळलेल्या कागदांसारखे वेडेवाकडे असतात आणि त्या पोकळ्यांत पाहुण्याला जागा मिळते. तरीही हा घट लिथियमपेक्षा जड पडतो, हे मान्य केले पाहिजे. जेथे वजनाची फारशी चिंता नाही, तेथे तो शोभतो.

पुण्यात या विद्येची उपासना चालू आहे. पाषाणच्या परिसरात 1950 पासून राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा आहे आणि तिच्या शेजारीच 2006 मध्ये स्थापन झालेली आयसर ही संस्था. रासायनिक प्रयोगशाळा आणि केपीआयटी ही पुण्याचीच कंपनी यांनी हायड्रोजनपासून वीज करणारा इंधनघट तयार केला. 2020 मध्ये त्यावर मोटार चालवून पाहिली आणि 2022 मध्ये बस पुढे आणली. त्या बसच्या नळीतून धुराऐवजी केवळ पाणी बाहेर पडते. डिसेंबर 2023 मध्ये याच कंपनीने सोडियमचा घट जाहीर केला. त्यामागे आयसरमधील सतीशचंद्र ओगले यांच्यासमवेत सुमारे दशकभर चाललेले संशोधन होते. हा घट 3000 ते 6000 वेळा भरून रिता केला तरी त्याची 80 टक्के शक्ती टिकते, असे कंपनीने सांगितले. रोज एकदा भरला, तर 3000 वेळांचा हिशेब आठ वर्षांहून अधिक होतो.

विद्यापीठ आणि कारखाना यांना एकमेकांची गरज का पडते, असे मी एका विज्ञानदिनी पाषाणमधल्या एका तरुण संशोधक मुलीला विचारले. ती हसून म्हणाली, "सर, घरी अकरा मोदक सुबक करणे वेगळे आणि गावच्या पंगतीला पाच हजार करणे वेगळे. आम्ही कृती शोधतो. पंगत उठवण्याचे कसब त्यांच्याकडे असते. तिकडे एखादा मोदक फुटला, की कृती पुन्हा आमच्याकडे येते."

तिच्यासमोर शर्टाच्या गुंडीएवढा एक घट यंत्राला जोडलेला होता. तो काही तासांत भरे, काही तासांत रिता होई आणि पुन्हा भरे. "हा सातशेव्यांदा भरतो आहे," ती म्हणाली. "हजाराच्या पुढे काय होते ते पाहायला अजून काही महिने थांबावे लागेल."

त्या थांबण्यात मला आजीच्या बरणीचा दादरा दिसला. मुरल्यावाचून लोणचे नाही, हे तिला ठाऊक होते. जुन्नरचा तो मुलगा आता मोठा झाला असेल. त्याच्या लेकराला रात्री बॅटरी धरून उसात उभे राहावे न लागो. त्याच्या पुस्तकावर दुपारचे साठवलेले ऊन रात्री पडो. ते पडेल तेव्हा ही गुंडी कितव्यांदा भरली होती, हे कोणी विचारणार नाही. त्या मुलीच्या वहीत मात्र प्रत्येक फेऱ्याची नोंद असेल.