ॲरंडेल : सांधलेली वंशावळ

लंडनच्या व्हिक्टोरिया स्थानकातून निघालेली गाडी ससेक्सच्या चुनखडीच्या टेकड्यांमधून वाट काढत अरुन नदीच्या सखल कुरणांत उतरते आणि स्थानक यायच्या आधीच ॲरंडेलचा किल्ला दिसू लागतो. नदीकाठापासून चढत गेलेले गाव आणि त्याच्या माथ्यावरचे करडे बुरूज पाहून वाटते, हे सारे हजार वर्षे असेच उभे असणार. जवळ गेल्यावर दगड वेगळे सांगतात. टेकाडावरचा बालेकिल्ला नॉर्मन काळातला आहे. पण १६४३-४४ च्या यादवी युद्धातल्या वेढ्याने किल्ला खिळखिळा केला, आणि आज डोळ्यांत भरणारा त्याचा बराचसा भाग १५व्या ड्यूक ऑफ नॉरफोकने एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात नव्याने बांधून घेतला. इथल्या घराण्याची पदवीही अशीच निरखून पाहावी लागते. इंग्लंडच्या ड्यूकांत, राजघराणे वगळता, पहिला मान ड्यूक ऑफ नॉरफोकचा. अर्ल मार्शल या नात्याने २०२२ मधला राणी एलिझाबेथचा अंत्यविधी आणि २०२३ मधला राजा चार्ल्सचा राज्याभिषेक १८व्या ड्यूकने पार पाडला. ही पदवी बापाकडून लेकाकडे अखंड चालत आली, असा समज सहज होतो. ॲरंडेलमध्ये तो टिकत नाही. रक्त वारसांची यादी देते. त्या यादीतला वारस कायदा निवडतो, आणि कायद्यामागे त्या त्या वेळची सत्ता उभी असते.

पहिला पुरावा बालेकिल्ल्यातच आहे. १०६६ च्या विजयानंतर रॉजर द माँटगोमेरी या नॉर्मन सरदाराने किल्ला वसवला, पण त्याच्या वंशाकडे तो टिकला नाही. पहिल्या हेन्रीची विधवा राणी ॲडेलायझा हिने ११३८ मध्ये विल्यम दोबिन्यी याच्याशी लग्न केले आणि तिच्यासोबत ॲरंडेल त्या घराण्यात गेले. १२४३ मध्ये दोबिन्यींचा पुरुषवंश खुंटला, तेव्हा शेवटच्या दोबिन्यी अर्लची बहीण इझाबेल हिच्या मुलामुळे ते फिट्झॲलन घराण्याकडे आले. १५८० मध्ये शेवटचा फिट्झॲलन अर्ल वारला आणि त्याची मुलगी मेरी हिचा मुलगा फिलिप हॉवर्ड वारस ठरला. म्हणजे आज ड्यूकांच्या हॉवर्ड घराण्याची ओळख बनलेले हे ठिकाण तीनदा बाईच्या नात्याने हात बदलून त्यांच्यापर्यंत पोचले आहे.

ड्यूकपदाची कहाणी याहून खडतर आहे. ती समजून घ्यायला किल्ल्याच्या आवारातले फिट्झॲलन चॅपेल पाहावे. सेंट निकोलस चर्चच्या एकाच छताखाली पश्चिमेचा भाग अँग्लिकन गावकऱ्यांचा आणि पूर्वेचा भाग ड्यूकांच्या कॅथलिक घराण्याचा. हा हक्कसुद्धा १८७९ मध्ये न्यायालयाने निवाडा दिल्यावर पक्का झाला. इथे अर्लांची आणि ड्यूकांची थडगी रांगेने आहेत, पण चौथा ड्यूक त्यांत नाही. तो टॉवर ऑफ लंडनमधल्या चर्चमध्ये पुरला आहे. हॉवर्डांना ड्यूकपद दिले तिसऱ्या रिचर्डने, १४८३ मध्ये. दोनच वर्षांनी पहिला ड्यूक जॉन बॉसवर्थच्या लढाईत राजासोबत पडला आणि विजयी सातव्या हेन्रीने पदवी जप्त केली. जॉनचा मुलगा टॉवरमध्ये कैद झाला. पुढे १५१३ मध्ये त्याने फ्लॉडनला स्कॉटिश सैन्याचा पराभव केला, तेव्हा कुठे १५१४ मध्ये ड्यूकपद परत मिळाले. तिसऱ्या ड्यूकला आठव्या हेन्रीने मृत्युदंड फर्मावला होता. त्याचा मुलगा, कवी सरे, जानेवारी १५४७ मध्ये मारला गेला. बाप वाचला, कारण त्याच्या शिरच्छेदाआधीच राजा वारला. चौथ्या ड्यूकने स्कॉट्सची राणी मेरी हिच्याशी लग्नाचा बेत केला, कटात अडकला आणि १५७२ मध्ये त्याचे शिर उडवले गेले. त्यानंतर ८८ वर्षे ड्यूक ऑफ नॉरफोक कुणी नव्हता. १६६० मध्ये राजेशाही परतल्यावर पार्लमेंटने कायदा करून पदवी पुन्हा जिवंत केली. ती मिळालेला पाचवा ड्यूक मनोरुग्ण होता आणि दूर इटलीत पादुआला राहत होता.

यावर कुणी म्हणेल, मग रक्तच जिंकले की! आजचा ड्यूक १४८३ च्या जॉन हॉवर्डचाच पुरुषवंशज आहे. जप्ती आली तरी पदवी शेवटी त्याच घरात परतली. हा आक्षेप वजनदार आहे आणि त्यातले तथ्य नाकारण्याचे कारण नाही. पण गावातल्या कॅथीड्रलमध्ये त्याचे उत्तर आहे. तिथे चौथ्या ड्यूकचा मुलगा फिलिप याच्या अस्थी आहेत. आईकडून तो अर्ल ऑफ ॲरंडेल झाला, बापाकडून मात्र त्याला ड्यूकपद आले नाही. कॅथलिक श्रद्धेपायी त्याला राजद्रोही ठरवले गेले, आईकडून आलेले अर्लपदही गेले, आणि १५९५ मध्ये तो टॉवरमध्येच वारला. १९७० मध्ये चर्चने त्याला संत घोषित केले. ड्यूकाच्या थोरल्या मुलाचे रक्त त्याच्याइतके दुसऱ्या कुणात असणार? तरी तो ड्यूक नव्हता. कायद्याने पाठ फिरवली की थोरलेपणही कामाला येत नाही.

सर्वांत बोलका पुरावा १९७५ चा आहे. १६व्या ड्यूकना चार मुली होत्या, मुलगा नव्हता. ड्यूकपदाची सनद पुरुषवंशापुरती. म्हणून वारस शोधायला १८५६ मध्ये वारलेल्या १३व्या ड्यूकपर्यंत मागे जावे लागले, आणि धाकट्या शाखेतले मेजर जनरल माइल्स १७वे ड्यूक झाले. पण १६व्या ड्यूककडे लॉर्ड हेरीस ही स्कॉटिश पदवीही होती. तिच्यात मुलींना मज्जाव नव्हता. ती त्यांची थोरली मुलगी ॲन यांना मिळाली. एकच बाप, एकच मृत्यू आणि पदव्या दोन दिशांना! शिवाय माइल्स यांच्याकडची बॅरन बोमाँट ही पदवी त्यांना आईकडून आलेली होती. दत्तकाची वाट इथे बंदच, कारण दत्तक मुलाला इंग्लंडमध्ये अशी पदवी मिळत नाही. खरा वारस कोण, हे घराने नव्हे तर सत्तेने ठरवणे मराठी वाचकाला नवे नाही: १८४८ मध्ये कंपनी सरकारने दत्तक वारस नामंजूर करून सातारचे राज्य खालसा केले होते.

दुसरा आक्षेप असा की, पदव्या आता शोभेपुरत्या उरल्या. १९९९ च्या कायद्याने बहुतेक वंशपरंपरागत सरदारांची लॉर्ड्स सभागृहातली जागाही गेली, मग त्यांचा विचार कशाला? पण त्याच कायद्याने अर्ल मार्शलला वगळले होते, आणि राज्याभिषेकाची व्यवस्था आजही त्याच्याचकडे आहे. तेव्हा पुत्रपौत्रादी परंपरेचा हा नियम एका घरापुरता राहत नाही. एका सार्वजनिक पदावर कोण बसणार, तेही तो ठरवतो. आणि नियम माणसांनी केला असेल तर तो माणसांना बदलताही येतो. ब्रिटिश राजसिंहासनासाठी २०१३ मध्ये पार्लमेंटने मुलगा-मुलगी हा भेद काढला. सरदारांच्या पदव्यांना मात्र त्या कायद्याने हात लावला नाही. परंपरेचा मान राखून बदल करणे अशक्य आहे, असे म्हणणाऱ्यांनी ॲरंडेलच्या बालेकिल्ल्यावर चढून जावे. ॲडेलायझा, इझाबेल आणि मेरी या तिघींवाचून त्या भिंतींत हॉवर्डांचे पाऊलच पडले नसते.