खुराड्यातली ओल

आमच्या अष्टागरात कोंबडी गेली की पहिला आळ मुंगसावर येतो, मग मुंगूस कोणी पाहिलेला असो वा नसो. त्याखालोखाल घार, मग शेजारचा कुत्रा आणि शनिवार-रविवारी गावात पाहुणे उतरलेले असले तर हळू आवाजात माणूस. मांडव्याच्या धक्क्यावरून येणाऱ्या प्रत्येकाला 'गावठी'च हवी असते. आषाढ सरत आला की आपल्या कोंबड्यावर कोणाकोणाची नजर आहे ते सांगता येत नाही. पण नारळी-पोफळीच्या वाडीत इतकी वर्षं कोंबड्या पाळून माझं मत असं झालंय की, जिचं नाव या यादीत कोणी घेत नाही, तीच सगळ्यात जास्त नेते. ती म्हणजे ओल.

मुंगूस निर्दोष आहे असं मला म्हणायचं नाही. चोर कोण ते मागे काय उरलं त्यावरून कळतं. कोंबडी जागच्या जागी पडलेली, मानेवर चावे आणि बाकी अंग जवळजवळ अख्खं असेल, तर बहुतेक मुंगूसच. फटीतून आत शिरला की तो एकीवर थांबेलच असं नाही. अंगणभर पिसांचा सडा असेल तर कुत्रा. अंडी गेली आणि टरफलाचा तुकडाही नाही, तर साप किंवा घोरपड. खुडूक बसून काढलेली पिल्लं एकेक करून कमी होतायत आणि कोपऱ्यात ताजी माती उकरलेली दिसते, तिथे घूस. रानमांजर आणि कांडेचोर मात्र रात्री येतात आणि कोंबडीच उचलून नेतात, तेव्हा सकाळी फक्त हिशेब चुकतो.

यांना मारून काही होत नाही. मुंगूस काय, घोरपड काय, 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने त्यांना हात लावायची सोय नाही. नसता कायदा तरी एक गेला की दुसरा त्याच वाटेने येतो. तेव्हा वाट बंद करायची. माझ्या खुराड्याला खाली जांभ्याच्या चिऱ्याचे दोन थर आहेत आणि त्यावर अर्ध्या इंचाची वेल्डेड जाळी. बाजारात कोंबडीची जाळी म्हणून षटकोनी भोकांची जी पातळ जाळी मिळते, ती कोंबडीला आत ठेवते, मुंगसाला बाहेर ठेवत नाही. शिवाय आमची हवा खारी. जाळी आधी गंजते ती तळाशी, चिऱ्याला टेकते तिथे. पावसाळ्यापूर्वी तेवढा पट्टा बोटाने दाबून पाहायचा. तांबूस भुगा हाताला लागला, तर पट्टा बदलायचा. दिवेलागणीला कोंबड्या आपल्या आपण आत जातात, माणसाचं काम फक्त त्या मोजून कडी लावायचं. तेवढं एक काम रोज केलं तर रात्रीचे निम्मे चोर उपाशी राहतात.

घारीची गोष्ट वेगळी, ती दिवसाढवळ्या येते. पूर्वी आमच्याकडे तिचा फार त्रास नव्हता, कारण वाडीला छप्पर होतं. नारळाच्या झावळ्या, खाली पोफळी, त्याखाली केळी. वरून पिल्लू दिसायचंच नाही. 3 जून 2020 ला निसर्ग वादळ अलिबाग-श्रीवर्धनच्या किनाऱ्यावर चढलं आणि त्या एका दुपारी वाड्याच्या वाड्या आडव्या झाल्या. सुपारी बुडाली, नारळ बुडाले हे सगळ्यांनी लिहिलं. कोंबड्यांचं आभाळ उघडं पडलं, हे मात्र ज्याच्या अंगणात पिल्लं होती त्यालाच कळलं. मासळी सुकवण्याच्या ओट्यांमुळे घारी किनाऱ्याला मुळातच भरपूर, आणि जोडीला शिक्रा. तेव्हापासून पिल्लांच्या जागेवर मी कोळीवाड्यातून आणलेलं जुनं जाळं ताणून बांधते. ते जमिनीपासून चांगलं वर राहील असं बघावं, कारण खाली लोंबणाऱ्या नायलॉनमध्ये धामण अडकून मरते आणि घुशी खाणारं आपलंच माणूस जातं.

आता ओल. रायगडात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या घरात पाऊस पडतो, आणि त्यातला बराचसा चार महिन्यांत. दारं-खिडक्यांना बुरशी येते तिथे खुराड्यातल्या तुसाची काय कथा? पिल्लं तीन ते सहा आठवड्यांची असताना पंख पाडून, डोळे मिटून एका कोपऱ्यात जमली आणि विष्ठेत रक्त दिसलं की ती रक्ती हगवण. तिचे बीजकण विष्ठेतून पडतात तेव्हा लगेच बाधत नाहीत. ऊब आणि ओलावा मिळाला की एक-दोन दिवसांत ते तयार होतात. म्हणजे औषधाआधीचं औषध फावड्यात आहे. तूस रोज वरखाली करायचा, ढेकूळ झालेला भाग उचलून खतात टाकायचा, पाण्याचं भांडं विटेवर ठेवायचं म्हणजे सांडलेलं तुसात मुरत नाही. तरीही लागण झालीच तर पाण्यातून अ‍ॅम्प्रोलियम देतात, पण मात्रा डॉक्टरांना विचारूनच.

जंतांचंही तेच. ओल्या अंगणात उकरून खाणाऱ्या कोंबडीच्या पोटात जंत होणारच. भरपूर खाऊनही छातीचं हाड हाताला धारदार लागत असेल तर तिला जंताचं औषध हवंय.

आणि दांडी. ज्या बांबूवर कोंबड्या रात्री बसतात, तो दिवसा पाहून काही दिसत नाही. रात्री नऊ-दहाला बॅटरी घेऊन जावं, दांडीच्या टोकाखालून पांढरं फडकं ओढावं. फडक्यावर तांबडे डाग उमटले तर ते कोंबडीचं रक्त. बारीक किडे दिवसभर बांबूच्या पोकळ टोकात आणि फटीत दडलेले असतात, अंधार पडला की वर चढून पितात. बाजूला मिरीपूड सांडल्यासारखी करडी घाण दिसते. तुरा फिका पडतो, अंडी कमी होतात आणि लोक म्हणतात, दृष्ट लागली. मी पोकळ बांबू काढून गुळगुळीत घडीव दांडी घातली, भिंतींना चुना मारला आणि खुराड्याच्या पडवीत चुलीतली राख व कोरडी माती मिसळून पाटीभर ठेवली. पावसात अंगणातली माती ओली, मग बिचाऱ्या लोळणार कुठे? अंगावरच्या उवांना तेवढं लोळणंच पुष्कळ.

पावसाळ्यातच डास, आणि डासांमागून कोंबड्यांना देवी. तुऱ्यावर, डोळ्यांभोवती खपल्या. हळद-तेल लावल्याने खपली मऊ होते, रोग बरा होत नाही. त्याची लस आहे.

पण लस म्हटली की खरा विषय मानमोडीचा, म्हणजे राणीखेतचा. हिरवी-पांढरी हगवण, तोंड उघडून श्वास, मग मान वळते. त्यावर औषध नाही. ती आली की आळीतली एकेक खुराडी रिकामी करत जाते. तिला निम्मी मदत माणूस करतो. मरायला टेकलेली कोंबडी कोणी स्वस्तात विकतो, कोणी मेलेली खाडीत भिरकावतो. मेलेली कोंबडी खोल पुरून वर चुना टाकावा, यात दोन मतं नाहीत. जानेवारी 2025 मध्ये आमच्याच जिल्ह्यात, उरण तालुक्यातल्या चिरनेरला, बर्ड फ्लू निघाला. अशा वेळी नियम असा की, एक किलोमीटरच्या आतल्या सगळ्या कोंबड्या मारून पुरायच्या आणि दहा किलोमीटरपर्यंत नजर ठेवायची. तुमची कोंबडी धडधाकट आहे की नाही हे तिथे कोणी विचारत नाही. बर्ड फ्लूपुढे आपलं काही चालत नसेल, मानमोडीपुढे चालतं.

पाच-सात दिवसांच्या पिल्लाच्या डोळ्यात लासोटा लशीचा एक थेंब. आठव्या आठवड्याला पंखाखाली कातडीत आरटूबी लशीची सुई, आणि तिच्या आधी आठवडाभर जंताचं औषध. सहा आठवड्यांच्या आतल्या पिल्लाला ही दुसरी लस देऊ नये, सोसत नाही. पुण्याला औंधमध्ये सरकारी संस्थेत या लशी तयार होतात, किंमतही फार नाही. अडतं ते दुसरीकडेच. कुपी येते शंभर-दोनशे कोंबड्यांची, बर्फात ठेवावी लागते आणि एकदा मिसळली की दोनेक तासांत संपवावी लागते. घरात कोंबड्या दहा-बारा, म्हणून एकट्यासाठी कुपी फोडायला कोणी तयार होत नाही आणि आळीच्या आळी लशीवाचून राहते.

म्हणून विनंती एवढीच की, यंदा मे महिन्यात, पाऊस लागायच्या आत, आपल्या आळीतल्या कोंबड्या मोजा. शंभर भरत नसल्या तर कोळीवाड्याला धरा, आदिवासी वाडीला धरा. पशुवैद्यकीय दवाखान्यात सगळ्यांच्या नावाने एकच अर्ज द्या आणि संध्याकाळची वेळ मागून घ्या, कारण दिवसा कोंबडी हाताला लागत नाही.