तेलानें माखलेला ब्रेक

यंत्राचें कौतुक करावयाचें झालें म्हणजे माणसें त्याच्या धांवण्याचें करतात. त्याच्या थांबण्याचें कौतुक कोणी केल्याचें आमच्या ऐकिवांत नाहीं. नवा ट्रॅक्टर दाराशीं आला कीं त्याला हळदकुंकू लागतें, नारळ फुटतो, आणि पाहावयास जमलेल्या मंडळींचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, 'किती अश्वशक्तीचा?' तो उतारावर किती वावांत उभा राहतो, हें विचारणारा गृहस्थ आम्हांस अजून भेटावयाचा आहे. बैलगाडीच्या काळीं ही काळजी बैल वाहत असत. उतार लागला कीं ते आपण होऊन पाय रोवीत आणि गाडीचा भार मानेवर तोलून धरीत. लोखंडाला तेवढी समज उपजत नाहीं. माणसानें ती त्याच्या ठायीं बसवावी लागते, आणि बसविल्यावर जागी ठेवावी लागते.

आमच्या गांवच्या घरीं जो ट्रॅक्टर आहे तो आमच्या वडील बंधूंनीं पन्नासांहून अधिक वर्षांपूर्वीं घेतला. कुळानें तो फर्ग्युसनचा. हॅरी फर्ग्युसन (१८८४–१९६०) हा आयर्लंडमधील एका शेतकऱ्याचा मुलगा. नांगर ट्रॅक्टरच्या मागें नुसता बांधून न ओढतां तीन दांड्यांनीं त्याच्या अंगाशींच जोडावा आणि तेलाच्या दाबानें उचलावा, ही कल्पना त्यानें सिद्धीस नेली. इंग्लंडांतील कॉव्हेंट्री येथें १९४६ पासून दहा वर्षांत त्याचे करड्या रंगाचे लहानसे ट्रॅक्टर पांच लक्षांहून अधिक तयार झाले. सर एडमंड हिलरी ४ जानेवारी १९५८ रोजीं दक्षिण ध्रुवावर पोंचले ते याच जातीच्या ट्रॅक्टरांनिशीं. मद्रासेस १९६० सालीं निघालेल्या एका कंपनीनें या घराण्याची पुढची पिढी आपल्या देशांत बनविण्यास घेतली, आणि तिच्यांतला एक आमच्या गोठ्याशेजारीं येऊन उभा राहिला. वडील बंधू आज नाहींत, ट्रॅक्टर आहे. वहिनींनीं त्याच्या बैठकीवरची गादी आजवर दोनदां आपल्या हातानें शिवली आहे, एवढें सांगितलें म्हणजे बाकीचें वाचकांस उमजेल.

गेल्या एका गळिताच्या हंगामांत आमचा पुतण्या उसानें भरलेली ट्रॉली घेऊन कारखान्याच्या वाटेवरील उतार उतरत होता. त्यानें दोन्ही ब्रेक एकदम दाबले. डावें चाक थांबलें. उजवें फिरतच राहिलें. मागून उसाचा भार रेटीत होता, आणि ट्रॅक्टर डावीकडे, चारीच्या दिशेनें ओढला गेला. रस्त्याच्या कडेला मुरुमाचा ढीग पडला होता, त्यांत पुढलीं चाकें रुतलीं म्हणून पोर वांचलें. त्या रात्रीं घरीं बैठक बसली. ट्रॅक्टर भंगारांत द्यावा असें एक मत पडलें. पुतण्या म्हणाला, "काका, लायनर मागच्याच वर्षीं नवे टाकले होते. पुन्हां टाकूं." आम्ही वहिनींकडे पाहिलें. त्या म्हणाल्या, "भावोजी, तो विका किंवा ठेवा, मी आड येणार नाहीं. पोरगा संध्याकाळीं घरीं आला पाहिजे, एवढंच बघा."

दुसरे दिवशीं तालुक्याच्या गांवाहून एका वृद्ध मिस्त्रींना बोलाविलें. त्यांनीं इंजिनाकडे ढुंकूनही पाहिलें नाहीं. खालीं बसून उजव्या चाकाच्या आंतल्या बाजूस बोट फिरविलें, तें नाकाशीं नेलें आणि म्हणाले, "अण्णा, लायनर धा वेळां बदला. आधी त्येल कुठनं येतंय त्ये बघाय पायजे."

त्यांच्या या एका वाक्यांत सारें शास्त्र होतें. या ट्रॅक्टरांत दांतेरी चक्रांचें, मागील एक्सलचें आणि उचलयंत्राचें तेल एकाच पोटांत असतें. त्या पोटांतून एक्सल चाकापर्यंत जातो, आणि चाकाजवळच ड्रमच्या आंत ब्रेक असतो. ब्रेकचें सारें सामर्थ्य कोरड्या घर्षणांत, आणि त्याच्यापासून वीतभर अंतरावर तेलाचें तळें! मध्यें पहारेकरी दोन. आंतलें सील तेल अडवितें; बाहेरचें सील बेअरिंगांतील ग्रीस अडवितें. नुसतें ग्रीस बाहेर आलें तर बाहेरच्या पहारेकऱ्याला झोंप लागली असें समजावें. पातळ तेल आलें तर आंतला आधींच गेलेला आहे आणि तेलानें बेअरिंगांतलें ग्रीसही धुऊन नेलें आहे. मिस्त्रींच्या बोटाला लागलें होतें तें तेल. मागच्या वर्षीं ज्यानें लायनर टाकले त्यानें ओल पाहिली, पुसली, आणि नवा माल ओल्या घरांत बसवून तो निघून गेला.

पुढलीं चाकें दगड लावून अडविलीं, एक्सलखालीं लांकडी ठोकळे रचले, आणि मागलें चाक उतरविलें. त्याच्या टायरमध्यें वजनासाठीं पाणी भरलेलें असल्यामुळें या कामास चौघे लागले. ड्रम निघाला तेव्हां आंत काजळासारखा लगदा होता. मिस्त्रींनीं तो वाऱ्यानें उडवूं दिला नाहीं. ओल्या फडक्यानें पुसावयास लाविला, आणि त्याआधीं सर्वांच्या तोंडाला फडकीं बांधविलीं. जुन्या लायनरांत ॲस्बेस्टॉस असे, आणि त्याची धूळ फुफ्फुसांत कायमची घर करते, हें आतां सर्वांस माहीत झालें आहे.

एक्सल बाहेर ओढल्यावर खरें काम सुरू झालें. बेअरिंग जागेवर धरून ठेवणारी एक लोखंडी कॉलर असते. ती ओढून निघत नाहीं. तिला भोंक पाडून छिन्नीनें फोडावी लागते. नवी कॉलर तापवून, फुगली असतां, झटक्यानें एक्सलवर सोडावयाची. थंड होतांच ती अशी आवळते कीं जणूं लोखंडालाच लोखंड फुटलें. तें पाहतांना आम्हांस आमच्या लहानपणचा लोहार आठवला. बैलगाडीच्या चाकावर धांव चढवावयाची असली कीं तोही गोवऱ्यांच्या आगीत ती लाल करी, चिमट्यांनीं उचलून लांकडी चाकावर घाली आणि वरून पाणी ओती. नव्या यंत्राच्या पोटांत ती जुनी विद्या जशीच्या तशी नांदत होती.

सील म्हणाल तर तें रबराचें साधें कडें. त्याच्या ओठामागें एक बारीक स्प्रिंग. पूर्वीं हीं चामड्याचीं असत. तेलाच्या बाजूस ओठ करून तें सरळ बसवावें, बसविण्यापूर्वीं तेलांत भिजवावें, आणि एक्सल आंत सरकवितांना त्याच्या दांत्यांनीं ओठ कापला जाऊं नये म्हणून त्यांवर पट्टी गुंडाळावी, हें सारें मिस्त्रींनीं पुतण्याकडून करवून घेतलें. परंतु त्याआधीं त्यांनीं त्याचें नख एक्सलवरून फिरवून घेतलें. जुन्या सीलचा ओठ जेथें टेकत होता तेथें पोलादाला बारीक खांच पडली होती. मऊ रबरानें कठीण पोलाद कापावें, हें प्रथम खरें वाटत नाहीं. परंतु विहिरीच्या कांठच्या दगडाला दोरानें पडलेल्या खांचा ज्यानें पाहिल्या आहेत त्यास नवल वाटूं नये. मधली धूळ करवतीचें काम करते. नवें सील त्याच खांचेवर टेकलें असतें तर महिन्याभरांत पुन्हां तेल आलें असतें. म्हणून तेथें पातळ पोलादी नळी चढविली, आणि सीलला गुळगुळीत जागा दिली.

तेल प्यालेले लायनर पेट्रोलनें धुऊन पुन्हां वापरतां येतील काय, असें पुतण्यानें विचारलें. मिस्त्रींनीं मान हलविली. वरून कोरडे दिसले तरी ब्रेक तापला कीं मुरलेलें तेल पुन्हां वर येतें. लायनर दोन्ही बाजूंचे नवे टाकले. एका बाजूचा नवा आणि दुसऱ्या बाजूचा जुना म्हणजे पुन्हां एकीकडे ओढ. शेवटीं दोन्ही चाकें सारखीं थांबतील असे ब्रेक जुळविले, आणि दोन पायपट्ट्यांना जोडणारी कडी घासूनपुसून मोकळी केली. शेतांत वळतांना एकाच बाजूचा ब्रेक दाबावा लागतो म्हणून त्या पायपट्ट्या वेगळ्या असतात. रस्त्यावर ती कडी लावलीच पाहिजे.

ट्रॅक्टर विकला नाहीं. मात्र वडिलार्जित वस्तु जपणें म्हणजे तिला रंग देऊन दसऱ्याला हार घालणें, ही जी आपल्याकडे समजूत आहे ती आम्हांस आतां पुरेशी वाटत नाहीं. जुन्या वस्तूचा मान तिच्याविषयींच्या भाबडेपणानें राहत नाहीं. ती कोठें झिजते आणि कोठें पाझरते, हें ओळखल्यानें राहतो. हा दोष ट्रॅक्टर घडविणाराचा नव्हता. पन्नास वर्षें काम केलेल्या रबराकडून आणि पोलादाकडून त्याहून अधिक अपेक्षा करणेंच अन्यायाचें. काळाचें काम काळ करीत होता. पाहण्याचें काम तेवढें घरांतल्या कोणाचेंच नव्हतें.

तें आतां पुतण्यानें पत्करलें आहे. दर अमावास्येला औत बंद असतें तेव्हां तो दोन्ही मागल्या चाकांच्या आंतल्या बाजूस बोट फिरवून पाहतो. वहिनी ओट्यावर उभ्या असतात. तो कांहीं बोलत नाहीं. बोट वर करून दाखवितो. तें कोरडें दिसलें कीं त्या आंत जातात.